मडगावात दिसलेले पाय

इलाही मुजावर दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी अंगणात चटणीच्या मिरच्या वाळत घालत होते. त्याचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी तसाच घुरघुरत होता. म्हणजे स्वतःच्या घरी न जाता तो थेट आमच्याकडे आला होता. आत ये म्हटलं तर येईना. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"वैनी, मावशी कुठं हायत?"

"देवळात गेल्यात. का रं?"

"बरं झालं." त्यानं मागं वळून गल्ली बघितली. "रंगादा गेल्याची तार आली, तवा मयत कुनी बघितलं हुतं? आपल्यापैकी?"

"असलं का विचारतोस?"

"मडगावला बघितला मी त्येला. बॉल खेळताना."

मी मिरच्यांवरून उठले नाही. हातातली मिरची तशीच धरून विचारलं,

"तोंड बघितलंस?"

"लांब हुतो, वैनी. भाजी उतरवली आन् घटकाभर मैदानावर थांबलो. डोक्याला रुमाल बांधलेला. खेळ सुटल्यावर खाण कंपनीच्या गाडीत बसून गेला. तोंड न्हाई दिसलं. पर पाय बघितलं की! फ्री किक मारायच्या आदी दोन पावलं पुढं, एक मागं, अंगाची गिरकी, आन् धाड! गोली हललाबी न्हाई. अल्लाची आन, दुसऱ्या कुनाचं न्हाईत त्ये पाय."

बांगलादेशच्या लढाईला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. रंगराव मगदूम, म्हणजे माझे मालक, त्या लढाईत गेले अशी तार आली होती. मागून त्यांची ट्रंक आली. तीत कपडे होते, दाढीचं सामान होतं, माझा एक फोटो होता. खेळायचे बूट तेवढे नव्हते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी ती ट्रंक उपसून झाल्यावर एकच सवाल केला होता, "मरायला जाणारा मानूस बूट कशाला संगं न्हेतो गं?" आणि माझ्या कपाळाचं कुंकू त्यांनी कुणालाच पुसू दिलं नाही. वर्षभर मी कुंकू लावून फिरत होते, आणि बायका माझ्या कपाळाकडे बघून बोलायचं थांबवत होत्या.

कोल्हापुरात पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलचा संघ. सकाळी तांबड्या मातीत कुस्तीला घुमायचं, सांजचं बॉलमागं पळायचं. आमच्या चिंचेच्या तालमीचं नाव ह्यांनी मोठं केलं. खेळण्यावरच आमची मीठभाकरी चालायची. आधी मुंबईच्या एका गिरणीनं संघात खेळायला पगारावर ठेवलं, गिरणीचा संघ मोडला तेव्हा बेळगावच्या पलटणीनं उचललं. तिथंही आधी बॉल, मग बंदूक. सुट्टीला आले की स्टेशनातून घरी यायच्या आधी तालमीत जायचे.

आमच्या पेठेत एक गोष्ट ज्ञानेश्वरीतल्या ओवीसारखी मानतात. तोंड फसवतं, पाय फसवत नाही. म्हातारी माणसं डोळे मिटून बसतात आणि बॉलच्या नुसत्या आवाजावरून कुणी मारला ते सांगतात. तेव्हा इलाहीनं पाय बघितले म्हटल्यावर सरकारी तार खोटी पडली. दिवस मावळायच्या आत तालमीत मारुतीशेजारी टांगायला केलेला ह्यांचा फोटो कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नळावर, आमच्याशी खुन्नस असलेल्या वरच्या पेठेतली एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "गोव्याची मासळी कवा येनार गं तुमच्याकडं?" बायका हसल्या. संध्याकाळी मैदानावर पोरं ओरडली, "रंगा कुठं गेला? गोव्याला मासं खायाला!"

मी भांडले नाही. कारण मला एक ठाऊक होतं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

लढाईच्या आधीची दिवाळी. सुट्टीत एक पांढऱ्या कपड्यातला माणूस घरी येऊन गेला होता. गोव्याच्या खाण कंपनीचा. फौज सोडा, आमच्या संघात या, राहायला बंगली देतो म्हणाला. तो गेल्यावर हे माझ्याशेजारी चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "समुद्र बघायचाय का गं तुला?" मी हसले. ते हसले नाहीत. पुढं तो विषय निघाला नाही.

आता तो निघाला होता, आणि हे मला मागं टाकून समुद्रापाशी गेले होते, असं मला वाटायला लागलं.

सखोबा वस्ताद घरी आले. तालमीचे सर्वेसर्वा. उंबऱ्यावर बसून मिशी चावत राहिले.

"सूनबाई, मी आन् इलाही जाऊन येतो. रयवारी बॉलची म्याच हाय. त्यो असला तर भर मैदानात कानफाडतो. फौज सोडून पळाला म्हंजे तालमीच्या तोंडाला काळं फासलं."

"मी येनार," आत्याबाई आतून म्हणाल्या.

"आक्का, मैदानात बायकांचं काय काम?"

"त्येच्या पिंढऱ्यांस्नी मी त्याल लावलंया वस्ताद, तुमी न्हाई. माझं प्वार मी बघनार. आन् तुमी हात उचललासा तर तुमचा हात मी मोडनार."

वस्तादांनी मिशी सोडली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मीबी येते."

इलाहीच्या ट्रकमध्ये मागं कोबीची पोती, पुढं आम्ही चौघं. फोंडा घाट उतरायला लागलो. आत्याबाईंच्या मांडीवर गाठोडं होतं, त्यात भाकरी, ठेचा आणि करडईच्या तेलाची बाटली. प्रत्येक वळणाला त्या बाटली कुशीत घेत. वस्ताद पुन्हा पुन्हा मनगट चोळत. इलाही तर रस्त्यावरची नजर काढेना. आपण तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मानेवर लिहिलेलं होतं.

आणि मी? मी देवाला एकच सांगत होते, ते नसू देत. पळपुट्याची टाकलेली बायको होण्यापरीस रांडाव बरी. निदान ती मान वर करून चालते. साऱ्या वाटेत मी हेच म्हणत होते आणि मला ते अगदी खरं वाटत होतं.

मडगावचं मैदान तांबडं होतं, आमच्या तालमीच्या मातीसारखं. कडेनं माड. छत्र्या घेतलेल्या बायका, चणे खाणारी माणसं, दोरीला टेकलेले पाद्री. आमची नऊवारी लुगडी बघून लोक बाजूला सरत. सगळीकडं कोकणी.

संघ उतरले. इलाहीनं बोट केलं.

डोक्याला रुमाल, पाठ आमच्याकडे. खांदे जरा वर उचलून पळणं. थांबल्यावर एक टाच उगाच मातीत घासणं.

"त्योच," आत्याबाई म्हणाल्या. आवाजात नवल नव्हतं, आनंदही नव्हता. भाकरी भाजली का बघून सांगावं, तसं.

"आक्का, जरा दम धरा."

"दम कशाला? बूट बघा की. तुमच्याच चांभारानं शिवलेलं हायत त्ये."

वस्तादांनी डोळे बारीक केले. बुटाच्या टाचेला आमच्या पेठेतल्या चांभाराची दुहेरी शिवण होती. त्यांच्या मानेची शीर फुगली. तेवढ्यात मैदानातून त्याच रुमालवाल्याची आरोळी आली. साऱ्या कोकणीच्या कालव्यात ती एकटी उभी राहिली.

"आयला, हाण की रं भावा! बघतोस काय!"

बोलणं आमच्या पेठेतलं होतं. आमच्या गल्लीतलं होतं. इलाहीनं कानाला हात लावला. वस्ताद उठले आणि धोतराचा सोगा खोचायला लागले.

"आता मी सोडत न्हाई ह्येला."

मी म्हटलं, "वस्ताद, बसा. मी जाते."

"तू कशाला?"

"मला अजून खातरी न्हाई."

खातरी नव्हती, कारण पायांची गोष्ट पेठेला वाटत होती तशी नव्हती. ती दोन पावलं पुढं, एक मागं, मग गिरकी, ही चाल वस्ताद स्वतःच्या शिकवणीत धरत आणि चारचौघांत मिशीला पीळ देत. खरं आम्हा दोघांनाच ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला हे माझ्या माहेरी आले होते, दूधगंगेच्या काठी. आम्ही बायका अंगणात झिम्मा खेळत होतो. हे सोप्यात बसून माझ्या पायांकडे बघत होते, तेव्हा मला लाज वाटली होती. रात्री दार लावून म्हणाले, "त्ये पुन्यांदा करून दाव." मी पदर खोचला आणि दाखवलं. त्यांचे पाय चुकायचे. मग मी म्हटलं, गाणं म्हणा, पाय आपसूक पडतील. तालमीतला गडी बायकांचा झिम्मा शिकला हे कळलं असतं, तर पेठेनं हसून जीव घेतला असता.

चाल बघून कुणीही उचलील. गाणं आमच्या अंगणाबाहेर गेलेलं नव्हतं.

मी दोरीच्या कडेनं चालत गोलाच्या बाजूला गेले. खेळ रंगात आला होता. कुणीतरी कुणाला पाडलं, शिट्टी झाली, आणि फ्री किक मिळाली ती माझ्यापासून चार पावलांवर. तो आला. पाठमोरा. वाकून बॉल ठेवला, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली. हेही तसंच.

मी दोरी धरली. लोक गप्प झाले, आणि मला ऐकू आलं. पुटपुटणं, श्वासाबरोबर.

पाय टाक बाई पाय टाक,
दोन पुढं, एक राख,
वाऱ्यासंगं घे गिरकी,
माहेराला मार हाक.

गिरकी झाली. बॉल गेला. गोल झाला की नाही, मला माहीत नाही. लोक ओरडले म्हणजे झाला असेल. माझ्या मनात तेव्हा राग नव्हता. खाणवाला, बंगली, समुद्र, सगळं खरं ठरलं होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं. मी फक्त त्यांनी वळायची वाट बघत होते. वळल्यावर काय बोलायचं तेही ठरलं होतं. जेवून घ्या, एवढंच.

तो वळला.

कोवळं तोंड. पसरट नाक, गळ्यात क्रूस, हनुवटीला खळी. हसत होता, आणि हसू माझ्या कुणाचंच नव्हतं.

मी दोरीसकट खाली बसले. एक छत्रीवाली बाई धावून आली, पाणी पाजलं, कोकणीत काही विचारत राहिली. तिला काय सांगणार? साऱ्या वाटेत मी देवाला सांगितलं होतं, ते नसू देत. देवानं ऐकलं होतं. आणि मला तेव्हा कळलं की मी देवाशी खोटं बोलत होते. पळपुटे असते तरी चाललं असतं. दुसरी बाई केली असती तरी चाललं असतं. त्या रुमालाखाली त्यांचं तोंड असतं, तर मी ती बाईसुद्धा बहीण म्हणून ओवाळली असती.

खेळ सुटल्यावर वस्तादांनी त्याला गाठला. माडाखाली आम्ही बसलो होतो. वस्तादांचा हात अजून वळलेला होता, पण कुणावर उगारायचा ते कळत नव्हतं.

"तू कोन रं? आन् ह्ये बूट कुनाचं चोरलंस?"

पोरानं आमच्याकडे पाळीपाळीनं बघितलं. त्यालाही संशय आला होता. "तुमी कोन? कोल्हापूरचं काय?"

"आदी तू सांग."

"मी मिंगेल. हितल्याच कुडतरी गावचा. फौजेत हुतो, खांद्याला गोळी लागली म्हून घरी धाडला." मग त्याची नजर आत्याबाईंवर गेली आणि तिथंच थांबली. त्यांच्या भुवया, कपाळ, ठेवण. सगळं ह्यांनी जसंच्या तसं घेतलं होतं. पोराच्या तोंडावरचं रक्त उतरलं. "रंगादाची आई काय तुमी?"

आत्याबाईंनी मान हलवली. तो मटकन गुडघ्यावर बसला आणि आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

"मला मराठी त्येनं शिकवली. शिव्याबी त्येनंच," तो खाली मान घालून बोलत होता. "लढाई सुरू व्हायच्या आदी तळावर नुसतं बसून हुतो. सांजचं त्यो मला खेळवायचा. पाय पडंनात माझं. त्येनं गानं शिकवलं. म्हनायचा, ह्ये म्हन, पाय आपसूक पडतील. माझ्या वस्तादानं मला असंच शिकवलंय."

सखोबा वस्तादांनी मान वर केली. "गानं? मी कुठलं गानं शिकवलं न्हाई त्येला."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाला लावला होता. म्हाताऱ्याला काय उमगलं कोण जाणे, पण वळलेली मूठ सुटली.

"आन् बूट?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुढं जायचा हुकूम आला त्या दिशी दिलं. माझं खेळायचं बूट फाटलेलं. म्हनाला, माघारी आल्यावर दे." तो थांबला. "आला न्हाई. मी बघितला, आई. मीच उचलला. लगीच गेला. बोललासुदीक न्हाई."

तो वाकून नाडी सोडायला लागला. आत्याबाईंनी त्याचा हात धरला. "असू देत. चालत्या पायात असू देत." मग बाटली काढली, तेल तळहातावर घेतलं आणि त्या परक्या पोराच्या पिंढऱ्या चोळायला लागल्या. तो लाजला, संघातली पोरं लांबून बघत होती, पण त्यानं पाय मागं घेतला नाही. आत्याबाई चोळत होत्या आणि डोळे कोरडे होते. मला त्या कोरड्या डोळ्यांची भीती वाटली.

परतताना घाट चढून आल्यावर उजाडलं. इलाही चहाला उतरला, वस्ताद त्याच्यामागं गेले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"गजरा, एक आयक. पेठंत इचारतील. त्योच हाय म्हनून सांग."

"आत्याबाई!"

"पळाला म्हनू देत. गद्दार म्हनू देत. माझ्या दारावर थुकू देत. पर हाय म्हनू देत गं. लोकांच्या तोंडात तरी जित्ता ऱ्हाईल. वस्तादाला मी सांगते, इलाही तर माझ्या शबुदाबाहेर न्हाई. तू फकस्त गप बस."

त्यांच्या बोटांची पकड अशी होती की मनगटावर वळ उठले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आदल्या दुपारी दोरी धरून मीसुद्धा हेच मागितलं होतं, मग त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार?

चिंचेच्या चौकात ट्रक थांबला तेव्हा सारी पेठ उभी होती. वरच्या पेठेतली पोरंही सायकली घेऊन आली होती, मजा बघायला. कुणीतरी ओरडलं, "आला का मासं घिऊन?"

वस्ताद उतरले. आत्याबाईंकडे बघितलं आणि खाली मान घातली. त्यांना सांगून झालं होतं. आयुष्यभर तालमीच्या अब्रूवर जगलेला माणूस एका म्हातारीपायी ती अब्रू गिळायला तयार झाला होता. इलाही चाकाला टेकून उभा होता.

"वस्ताद, बोला की! त्योच हाय काय?"

वस्ताद बोलेनात. लोकांना उत्तर मिळाल्यासारखं झालं. एक पोरगा हसला. मग दुसरा. "म्हटलं नव्हतं? बायकूला टाकून गेला बगा, फौजेलाबी टाकून…"

आणि मला दिसलं की आत्याबाईंच्या ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी हललंय. ते हसू होतं. पोराला शिव्या बसत होत्या आणि त्या हसत होत्या, कारण शिव्या जिवंत माणसालाच बसतात.

मला ते बघवलं नाही. मिंगेलनं ज्यांना उचललं, त्यांच्या अंगावर तेव्हा फौजेचे कपडे होते. कुणाच्या सुखासाठी ते मला उतरवता येईनात. माझ्याही नाही.

मी ट्रकच्या पायरीवर चढले. आयुष्यात चौकात कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"मडगावला खेळतोय त्यो हे न्हवंत," मी म्हटलं. "ऐकू आलं काय सगळ्यांस्नी? हे लढाईत गेले. उचलनाऱ्याला भेटून आलोय आमी. हे गेले."

सायकलवाल्या पोरांतलं एक खाली उतरलं. कुणीतरी टोपी काढली. तार आली तेव्हा ते गेले नव्हते. ट्रंक आली तेव्हाही नाही. चौकात मी बोलले तेव्हा गेले.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या मला मारतील. मी पायरीवरून उतरून त्यांच्यापुढं उभी राहिले, मारायला सोपं पडावं म्हणून. त्यांनी हात उचलला. तो माझ्या गालापर्यंत आला, तिथं थांबला, आणि मग त्यांच्या गळ्यातून तो आवाज निघाला. वर्षभर त्यांनी तो दातांमागं धरला होता.

"रंगाऽऽ! माझ्या राजाऽऽ!"

पेठेतल्या बायका धावल्या. नळावर हसलेलीही त्यांत होती. त्यांनी आत्याबाईंना रस्त्यातच खाली बसवलं, मांडीला मांडी लावून भोवती बसल्या आणि त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला. पुरुष मागं सरले. मी एकटीच उभी होते. मग आत्याबाईंनी त्या गर्दीतून हात बाहेर काढला, न बघता माझा पदर शोधला आणि मला खाली ओढून घेतलं.